पूर्वाच्या हातावरची गाठ

डॉक्टर मॅडमनी कागद वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात पाच वर्षांच्या आतलं कोण आहे?"

मला वाटलं होतं त्या माझ्याबद्दल काही बोलतील. कागदावर नाव माझं होतं. माझ्या बेडक्यात टीबीचे, म्हणजे क्षयाचे, जंतू सापडलेत हे सिस्टरने मला बाहेर बाकावरच सांगितलं होतं.

"नात हाय," मी म्हटलं. "चार वर्षांची."

"झोपते कुणाजवळ?"

"माझ्याजवळ."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पालघरच्या त्या दवाखान्यात दुपारी गर्दी होती, दारातून माणसं वाकून आत बघत होती. मॅडम हळूच बोलल्या, तरी मला वाटलं सगळ्यांनी ऐकलं. "तुमचं औषध आज सुरू करू. तुम्ही बऱ्या व्हाल. सोमवारी मुलीला घेऊन या."

मी बरी होणार हे घरी पोचेपर्यंत मी विसरूनही गेले. सोमवारी मुलीला आणायचं, एवढंच डोक्यात राहिलं.

आमचं गाव तारापूरच्या बाजूला, समुद्राला लागून आहे. मुलगा जयेश बोटीवर असतो, एकदा गेला की आठ-दहा दिवस येत नाही. सून नीलम बोईसरला कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाते. मी बोंबील आणि जवळा सुकवून बाजारात विकते. पूर्वा सहा महिन्यांची झाली तेव्हापासून माझ्याजवळ वाढली. माझ्या ताटात जेवायची, माझ्या पदराला तोंड पुसायची. नीलम थकून यायची, तिला झोप मिळावी म्हणून पोरीला मीच कुशीत घ्यायचे. हे आपण चांगलं करतो असं मला वाटायचं.

खोकला दसऱ्याच्या आधीपासून होता. जवळा पाखडताना धूळ उडते, ती नाकातोंडात जाते. आमच्याकडच्या बायका खोकतातच. म्हणून कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पुढे संध्याकाळी अंग कढत लागू लागलं, ब्लाउज ढिले झाले. गावातली आशाताई घरी आली, तिने माझं नाव लिहून घेतलं, मला जवळच्या दवाखान्यात नेलं आणि हातात एक डबी दिली.

इथे माझी चूक आहे. ती लिहिली नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

डबीत बेडका द्यायचा असतो. बेडका म्हणजे छातीतून खाकरून काढलेला, तोंडातली थुंकी नव्हे. तो बाहेर मोकळ्या हवेत काढायला सांगतात. दवाखान्याच्या मागे शेवग्याखाली चार बायका आणि दोन पुरुष उभे होते. मला त्यांच्यासमोर जोरात खाकरता येईना. मालक होते तेव्हा त्यांच्यासमोरसुद्धा मी कधी खाकरले नव्हते. मी भिंतीकडे तोंड केलं, तोंडातली थुंकी डबीत सोडली, झाकण लावलं आणि देऊन आले.

जंतू नाहीत असा कागद आला. मी तो देव्हाऱ्याजवळ ठेवला. त्यानंतर तीन महिने मी खोकत राहिले आणि पूर्वा माझ्या कुशीत झोपत राहिली.

मग एक दिवस पदरावर रक्ताचा ठिपका दिसला. नीलमने सुट्टी टाकली आणि मला पालघरला आणलं. तिथली सिस्टर माझ्याबरोबर बाहेर आली. "लाज घरी ठेवायची, काकी," ती म्हणाली, "इथे फक्त छातीतलं आणायचं." ती पाठमोरी उभी राहिली तेव्हा कुठे मला जमलं. ते मशीनवर तपासलं आणि तो कागद आला.

सोमवारी पूर्वाला नेलं. तिचं वजन केलं. सिस्टरने अंगणवाडीचं कार्ड बघितलं आणि काट्याकडे पुन्हा बघितलं. पाच महिन्यांत पोरगी वाढली नव्हती, उलट थोडी उतरली होती. आम्हाला वाटत होतं ती उंच होते आहे म्हणून बारीक दिसते.

छातीचा एक्स-रे काढला, पण पूर्वा रडून हलली. मॅडमनी तो उजेडात धरला. "ह्यात नीट सांगता येत नाही. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, म्हणून आपण मॉन्टू टेस्ट करू."

मॉन्टू टेस्ट म्हणजे हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, कातडीच्या अगदी वरच्या थरात बारीक सुई देतात. मॅडमनी मला समजेल असं सांगितलं. "सुईत जिवंत जंतू नाहीत, त्यांचा नुसता अर्क आहे. शरीराची त्या जंतूंशी आधी गाठ पडली असेल तर शरीर त्यांना ओळखतं आणि तिथे घट्ट सूज धरतं. ती दोन दिवसांनी बघायची, तीन दिवसांच्या आत. आज सोमवार. बुधवारी या, नाहीतर गुरुवारी सकाळी. त्यानंतर आलात तर टेस्ट वाया."

सुई दिली तिथे मसुराएवढा फुगा आला. सिस्टरने त्याच्याभोवती पेनाने गोल काढला. पूर्वा रडायची थांबली. "माझं घड्याळ," ती म्हणाली आणि वाटेत रिक्षातल्या सगळ्यांना दाखवत आली.

"खाजवायचं नाही, चोळायचं नाही, काही लावायचं नाही," सिस्टरने दोनदा सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

मंगळवारी नीलम घरी राहिली. मी पडवीत, तोंडाला मास्क. पूर्वा आत. ती दारापर्यंत यायची आणि नीलम तिला मागे ओढायची. "आजीला बरं नाय. लांबून बोल."

बुधवारी नीलमला सुट्टी मिळाली नाही. "दिवसभर हिला बाहेर अंगणात खेळू दे," ती मला म्हणाली, "मी उद्या अर्धा दिवस मागून घेते." आणि ती कामावर गेली.

दहा वाजता पूर्वा हात पुढे करून माझ्यासमोर उभी राहिली. हात लालभडक झाला होता. लाली घड्याळाच्या बाहेर गेली होती. ती खाजवत होती आणि रडत होती.

माझं माहेर एडवणचं. आमच्याकडे जाळ्यातून मासळी काढताना शिंगाळ्याचा काटा हातात घुसला तर हात असाच सुजतो, ठणकतो. त्यावर काय करायचं हे पोरांनाही ठाऊक असतं. खडा मीठ तव्यावर तापवायचं, फडक्यात बांधून शेकायचं, वरून आंबेहळद उगाळून लावायची. विष उतरतं. मी हे शंभर वेळा केलं असेल, बापाच्या पायाला, मालकांच्या हाताला, जयेशच्या बोटाला. सिस्टरचे शब्द मला आठवत नव्हते असं नाही. पण सुजलेला हात समोर आला आणि माझे हात आपोआप चुलीकडे गेले. मला वाटलं, आत जे काही आहे ते उतरेल. खरं सांगायचं तर मला वाटलं, माझ्याकडून तिच्यात जे गेलं असेल तेच उतरेल.

दुपारपर्यंत लाली बसली. घड्याळ पुसलं गेलं. पूर्वा खेळायला गेली.

शेकताना एक गोष्ट बोटाला कळली होती. लालीच्या खाली काहीतरी घट्ट होतं. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, टांगलेला बोंबील वरून कोरडा दिसला तरी आम्ही डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, पाठीवरून बोट फिरवतो. आत काय आहे ते बोटाला कळतं. तसं ते कळलं. मी बोट काढून घेतलं.

संध्याकाळी नीलमने पिवळा हात बघितला.

"काय लावलं ह्यावर?"

"खाज येत होती तिला."

"दोन वेळा सांगितलेलं सिस्टरने. दोन वेळा, आई. तुमी मान हलवलेली."  मग तिने भांडी जोरात घासली.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात मॅडम वॉर्डात गेल्या होत्या. टेबलाशी नवीन सिस्टर होती आणि बाहेर रांग होती. तिने ओल्या कापसाने हळद पुसली.

"हळद कुणी लावली?"

नीलमने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

सिस्टरने हात खिडकीकडे वळवून बघितला. "लाल तर नाही. सूजही दिसत नाही." तिने कार्डावर शून्य लिहिलं. "नेगेटिव्ह आहे. म्हणजे काही आलेलं नाही. मॅडमना दाखवून जा, पण त्यांना वेळ लागेल. घाई असेल तर पुढच्या सोमवारी दाखवा."

नीलमने श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रंग आला. "चला आई," ती म्हणाली. कागद हातात आल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदा मऊ बोलली होती. "मला दुपारची ड्युटी मिळेल."

मी उठले नाही.

मला घरी जायचं होतं. ते शून्य मलाही हवं होतं, नीलमपेक्षा जास्त हवं होतं. त्या शून्यात मी सुटत होते. पण देव्हाऱ्याजवळचा तो पहिला कागद मला आठवला. त्यावरही नाही असंच लिहिलं होतं आणि ते का लिहिलं गेलं हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आताही तसंच होतं.

"चला ना," नीलम म्हणाली.

"मॅडम येऊ देत," मी म्हटलं.

"सिस्टर बोलली ना काय नाय म्हणून?"

"तिनं डोळ्यांनी बघितलंय."

नीलम बसली, पण माझ्या बाकावर नाही.

दीड तास गेला. पूर्वा बाकाखाली चपला मांडून दुकान दुकान खेळली. मॅडम आल्या. कार्डावरचं शून्य त्यांनी बघितलं, मान हलवली आणि ते बाजूला ठेवू लागल्या. दारात सहा माणसं होती.

"मॅडम, हात लावून बघा," मी म्हटलं. "मी शेकलाय तो हात. हळद लावली. लाली मी घालवली. आत घट्ट लागतंय."

आवाज मोठा निघाला असावा, कारण दारातली माणसं गप्प झाली.

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पूर्वाला मांडीशी घेतलं आणि डोळे मिटल्यासारखे करून बोट फिरवलं. मग बॉलपेन घेतलं. हाताच्या एका कडेकडून मध्याकडे हळूहळू रेघ ओढत आणली. एका जागी पेन अडलं. तिथे थांबल्या. दुसऱ्या कडेकडून तशीच रेघ आणली, तीही अडली. दोन रेघांच्या मधलं अंतर छोट्या पट्टीने आडवं मोजलं.

"चौदा," त्या म्हणाल्या.

त्यांनी नव्या सिस्टरला बोलावून तिचं बोट तिथे ठेवलं. मग आम्हाला समजावलं. ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी ही वेळ आली तर त्यांना उपयोगी पडेल.

लाली मोजायची नसते. लाली कितीही पसरली तरी ती धरत नाहीत. आतली घट्ट गाठ मोजतात, तिला इंड्युरेशन म्हणतात, आणि ती हाताच्या लांबीत नाही, आडवी मोजतात. दहा मिलिमीटर किंवा जास्त आली की पॉझिटिव्ह म्हणतात. पॉझिटिव्ह म्हणजे आजार झालाच असं नाही. जंतू कधीतरी शरीरात शिरलेत, एवढंच ती गाठ सांगते. कित्येक धडधाकट माणसांत ते झोपून असतात. बाळपणी दंडावर दिलेल्या बीसीजीच्या लसीनेही थोडी गाठ येऊ शकते. आणि उलटंही असतं. मूल फार अशक्त असेल तर जंतू असूनही गाठ येत नाही.

"म्हणून आकडा एकटा वाचायचा नसतो," मॅडम म्हणाल्या. "घरात कोण आजारी आहे, मूल वाढतंय का, ताप येतो का, हे सगळं बरोबर वाचायचं. हिच्या घरात टीबी आहे, वजन उतरलंय, आणि गाठ चौदाची आहे. मी हे लसीवर ढकलणार नाही."

"मी शेकल्यानं बिघडलं का?" मी विचारलं.

"लाली गेली, गाठ राहिली. चोळल्याने माप थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून लावू नका म्हणतो. पण तुम्ही सांगितलं नसतंत तर मी कार्ड बाजूला ठेवलं असतं."

त्या दिवशी एक्स-रे पुन्हा काढला. नीलमने शिशाचा जड एप्रन घालून पूर्वाला धरून ठेवलं. ह्या वेळी पोरगी हलली नाही. छातीत, श्वासाच्या नळीजवळ, सुजलेल्या गाठी दिसल्या. आत झोपलेले जंतू नव्हते ते, जागे होते. सहा महिन्यांचं औषध.

बाहेर बाकावर मी नीलमला डबीचं सांगितलं. शेवग्याखालचं, भिंतीचं, थुंकीचं. आता लपवून काय करायचं होतं.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "तुमाला खाकरायची लाज वाटली. आणि माझ्या पोरीच्या छातीत गाठी."



दुसऱ्या दिवशी ती पूर्वाला घेऊन सरावलीला आईकडे गेली. तिथून कंपनी जवळ, आणि माझ्यापासून पोरगी लांब. जयेश बोटीवरून आला तेव्हा घरात मी एकटी होते. त्याने विचारलं, मी सांगितलं. तो ओसरीवर बसून जाळ्याची दोरी हातात घेऊन राहिला, विणली नाही.

पुढचे महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते. माझ्या गोळ्यांनी लघवी केशरी झाली, त्याची भीती बाळगू नये, औषधाचा रंग असतो. जेवण नकोसं झालं, सांधे दुखले. ते मॅडमना सांगावं, मनाने गोळ्या थांबवू नयेत. गावात कळलं तसं बाजारात माझ्या मासळीच्या पाटीपाशी येणाऱ्या बायका दुसऱ्या पाटीकडे वळू लागल्या. एक म्हणाली, "राग नको धरू गं, पोरं हायत घरात." मी राग धरला नाही. पोरं माझ्याही घरात होती.

पूर्वाच्या गोळ्या पाण्यात विरघळणाऱ्या होत्या. नीलम रोज कामाला जाण्याआधी वाटीत विरघळवून द्यायची. एकही दिवस चुकला नाही, हे मला जयेशकडून कळायचं.

दोन महिन्यांनी माझा बेडका पुन्हा तपासला. ह्या वेळी कुणाला पाठमोरं उभं राहावं लागलं नाही. जंतू नव्हते. "आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही," मॅडम म्हणाल्या. मी तशीच सरावलीला गेले. नीलमच्या आईने पाणी दिलं. पूर्वा आतल्या दारात उभी होती, गाल थोडे भरले होते.

"ये बाय," मी म्हटलं.

"आजी, तू तिथंच बस," ती म्हणाली. "मी लांबून बोलते." तिला आम्हीच शिकवलं होतं.

मी तिथेच बसले. तिने लांबून मला अंगणवाडीचं गाणं म्हणून दाखवलं. नीलम घरात असून बाहेर आली नाही. चहाचा कप मात्र तिने पाठवला.

माझे सहा महिने आधी संपले, पूर्वाचे थोडे मागून. शेवटच्या दिवशी आम्ही तिघी पालघरला होतो. एक्स-रेत गाठी विरल्या होत्या. कार्डावर वजनाची रेघ वर गेली होती. मॅडमनी औषध बंद केलं आणि म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. ही हातावरची टेस्ट हिची पुन्हा करायची नाही. पुढे कधी, कुठेही केली, शाळेत, नोकरीत, बाळंतपणात, तरी हात सुजणारच. आजार बरा झाला तरी शरीर विसरत नाही. त्या वेळी डॉक्टरला हे माहीत हवं, नाहीतर उगाच पुन्हा औषधं देतील. कुठेतरी लिहून ठेवा."

बाहेर आल्यावर मी नीलमला म्हटलं, "तू लिहून ठेव. तुझं अक्षर चांगलं हाय, मी चौथीपर्यंतच गेले."

ती पूर्वाच्या चपलेचा पट्टा लावत होती. वर न बघता म्हणाली, "तुमीच लिवा, आई. गाठ तुमाला कळली. मी तर घरी चालले होते."

नीलमने मला माफ केलं असं मी समजत नाही. पण त्या दिवशी आम्ही एकाच बाकावर बसलो, आणि रिक्षात पूर्वा आमच्या दोघींच्या मध्ये होती.

मॅडमचे, दोन्ही सिस्टरचे आणि आशाताईचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी कुणी मला दूर सारलं नाही, आणि दूर सारण्यासारखं मी केलं होतं. ज्यांच्या हातात ती डबी दिली जाईल त्यांना माझं एकच सांगणं आहे, मोठ्याने खाकरा.

आणि हे पूर्वासाठी, मोठी झाल्यावर वाचायला.

बाय, तुझ्या हातावर कुणी ही सुई दिली तर तिथे गाठ येईल. घाबरू नकोस. त्यांना सांग की चार वर्षांची असताना मला टीबी झाला होता, सहा महिने औषध घेतलं, बरी झाले. कुणाकडून झाला असं विचारलं तर आजीकडून असं सांग. आणि बघणाऱ्याने नुसतं लांबून बघून काही नाही असं लिहिलं, तर उठून येऊ नकोस. दारात कितीही माणसं असली तरी त्याला म्हण, हात लावून बघा.